निळा रंग बाहेरचा, गिलावा इथला

आमच्याकडे आता घर बांधायचं ठरलं की सगळ्यात आधी एलिव्हेशन येतं, म्हणजे घर समोरून कसं दिसणार ते. प्लॉटची मोजणी व्हायच्या आधी, रस्ता कुठल्या अंगाला, वारा कुठून, बोअरला पाणी लागेल की नाही ह्या सगळ्याच्या आधी खिशातून मोबाईल निघतो आणि एक फोटो समोर येतो. मी अमळनेरला घरांचे प्लॅन करून देते. कामं तालुक्यातली, पारोळा-चोपड्याकडची, कापूसवाल्या शेतकऱ्यांची, शाळेतल्या सरांची, नाहीतर मुलगा सुरतला किंवा पुण्याला कमावतोय आणि गावाकडे आईवडलांसाठी बांधतोय अशा घरांची. फोटोतलं घर नेमकं कुठलं ते दाखवणाऱ्यालाही माहीत नसतं, कधी केरळचं असतं, कधी तुर्कस्तानचं, आणि हल्ली तर कुठलंच नसतं, कारण ते कॉम्प्युटरनेच तयार केलेलं असतं, ते कुणी बांधलेलं नाही, त्यात कुणी राहिलेलं नाही, त्याच्यावरून एकही उन्हाळा गेलेला नाही.

एक तरुण शेतकरी असाच फोटो घेऊन आला होता. दुमजली काच, राखाडी रंगाची पॅनल, एका बाजूला लाकडासारख्या पट्ट्या, सपाट छत, खाली लपवलेले दिवे. म्हणाला, "ताई, माले असंच जोयजे, बाकी आतमा तुमी कसंबी करा." प्लॉट बघितला तर रस्ता पश्चिमेला, म्हणजे ती दुमजली काच बरोबर मावळतीच्या उन्हाला तोंड करून. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे मी त्याला सांगायची गरज नव्हती, तो ह्याच उन्हात कपाशीच्या शेतात उभा राहून मोठा झालाय. पण फोटोत ऊन नव्हतं. फोटोतल्या घराच्या मागे छान निळसर ढगाळ संध्याकाळ होती.

मला त्याच्या हट्टात चूक काही दिसली नाही. त्याचे आजोबा मातीच्या घरात राहिले, वडलांनी पत्र्याचं केलं, आणि आता ह्याच्या हातात चार पैसे आलेत तर ह्याला गावात असं घर पाहिजे की रस्त्यावरून जाणारा थांबून बघेल. ही इच्छा जुनीच आहे. पूर्वी पाटलाच्या वाड्याच्या दारावर जे कोरीवकाम केलेलं असायचं तेही रस्त्यावरून जाणाऱ्यासाठीच होतं की. फरक असा, की ते दार बघायला चालत जावं लागायचं, आणि चालत जाणारा त्याच उन्हातून जायचा. आता चित्र हजारो मैलांवरून अंगठ्याखाली येतं पण त्याच्याबरोबर तिथली हवा येत नाही, माती येत नाही, तिथला गवंडी येत नाही. हे मला सारखं बोलावंसं वाटतं, भेटेल त्याच्याशी मी ह्यावर बोलते, म्हणून इथे एकदा सविस्तर लिहिते.

चित्राच्या मागोमाग सामान मात्र येतं. मोरबीच्या टाइल्स, एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पॅनलची शीट, सीएनसी मशीनवर कापलेली एमडीएफची जाळी, स्टीलचं रेलिंग, पीओपीचं सीलिंग, सगळं आता तालुक्याच्या दुकानात मिळतं किंवा दोन दिवसांत मागवता येतं. एक डिझाइन फाइल एकदा बनली की तीच जाळी नंदुरबारलाही कापता येते आणि नागपूरलाही. माझं स्वतःचं पोट ह्यावरच आहे, ऑटोकॅड आणि स्केचअप ही नकाशे आणि मॉडेल काढायची सॉफ्टवेअर नसती तर मी एकटी इतकी कामं करूच शकले नसते, एक भिंत सरकवली की सगळा नकाशा पुन्हा काढत बसावं लागलं असतं, आणि तालुक्याच्या गावात राहून बाईमाणसाने स्वतःचं ऑफिस चालवणं तर अजूनच अवघड झालं असतं. त्यामुळे हे यंत्र वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याने काय बदललंय ते नीट बघायला पाहिजे.

आता धाब्याच्या घराबद्दल सांगते, कारण नव्या पोरांना ते फक्त पडकं म्हणूनच माहितीय. तापीच्या दोन्ही काठांच्या गावांमधे जुनं घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, दोन फूट, कधी त्याहून जास्त, खाली दगडाचं जोतं, आत सागाचे नाहीतर निंबाचे खांब. खांबांवर सर म्हणजे जाड आडवी लाकडं, सरांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काड्या दाटीने अंथरलेल्या, त्यावर निंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर धोपटून बसवलेला, आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही पांढरी माती गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या गावठाणाच्या जागेतून आणायची. माझ्या साइटवर एक म्हातारे मिस्तरी येतात, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, त्यांनी तरुणपणी धाबी केलेली आहेत. ते सांगतात की ही माती पहिल्या पावसात भिजली की फुगते आणि आपल्याच भेगा आपण मिटवते, म्हणून वर तीच पाहिजे, काळी मातीही नाही आणि मुरूमही नाही. बाहेरच्या खिडक्या लहान आणि उंचावर, भिंतीत देवळ्या म्हणजे कोनाडे, मधे जमलं तर मोकळा चौक, समोर ओटा. दुपारी दार लोटलं की आत अंधार आणि गारवा. रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला.

ह्यात मोठं शास्त्र आहे आणि ते कुणी शाळेत शिकवत नाही. जाड मातीची भिंत ऊन लगेच आत सोडत नाही, उष्णता हळूहळू सरकत आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर माणसं वर झोपायला गेलेली असतात. आजचा सिमेंटचा स्लॅब पाच इंचाचा, तो दुपारीच तापतो आणि रात्री बारापर्यंत आत गरम श्वास सोडत राहतो. आबा म्हणतात, "धाबं ऊन पी लेस, स्लॅब ते रातले आपला आंगवर फेकस." मी थर्मल मासवरची, म्हणजे भिंत-छत उष्णता कशी साठवतात ह्यावरची पुस्तकं वाचलीत, पण ह्या वाक्यापेक्षा जास्त सोपं करून ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण मग लोकांनी धाबी सोडली का? उगाच सोडली नाहीत. दर वर्षी मृग लागायच्या आत माती टाकावी लागायची, नाही टाकली तर गळायचं. वाळवी, उंदीर, त्यामागे साप. सारवण बायकांच्याच अंगावर, माझी आजी ज्या हातांनी भाकरी करायची त्याच हातांनी भिंती लिंपायची आणि तिला कंबर धरून बसलेली मी पाहिलंय. सागाचं लाकूड आता परवडत नाही. आणि जोराच्या पावसात जुनी भिंत बसली तर माणसं जातात. जे लोक शहरातून येऊन मातीचं घर किती सुंदर म्हणतात त्यांना हे पण सांगितलं पाहिजे.

त्यात सरकारी घरकुलाचं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली आली, सपाटीच्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, घर किमान २५ चौरस मीटरचं आणि पक्कं. हप्ता मिळायचा तर पाया, भिंती, छत अशा टप्प्याटप्प्याने फोटो अपलोड व्हायला पाहिजे, फोटोला जागेचं जिओटॅग. गरिबाच्या डोक्यावर छत आलं आणि मधल्यामधे पैसे खाणं अवघड झालं, ही फार मोठी गोष्ट आहे, मी त्याच्या बाजूनेच आहे. तरी बघा ना, सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर कुडाचं, बांबूचं, कौलाचं घर बांधणारा माणूस आता जे घर बांधतो ते फोटोत पक्कं दिसलं पाहिजे, आणि पक्कं म्हणजे कसं दिसतं हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र आहे, विटा, सिमेंट, चौकोन. ह्याच योजनेसाठी केंद्राने वेगवेगळ्या प्रदेशांच्या हवामानाप्रमाणे घरांचे नमुने तयार करवून घेतले होते, इथल्या सामानाचा विचार करून. ते नमुने माझ्या ओळखीच्या एकाही घरकुलात उतरलेले मी बघितले नाहीत. कागद आहे पण तो गवंड्याच्या हातात पोचत नाही, आणि व्हॉट्सअपवरचा फोटो पोचतो.

कुणी म्हणेल, बाहेरून येणं काय आजचं आहे का. खरंय. खान्देश हा रस्त्यावरचाच मुलूख, उत्तरेतून दख्खनेत उतरणारा इथूनच उतरला. थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, त्यांचे घुमट आणि कमानी इथल्या नव्हत्या, पण दगड इथला आणि घडवणारे हातही बहुतेक इथलेच. धुळ्याच्या जुन्या भागातले सरळ रस्ते बघा, ते १८१९ मधे कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आखून घेतले, म्हणजे एक गाव आधी कागदावर आणि मग जमिनीवर, हे आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वीच झालं. आणि माझ्याच गावचं सांगायचं तर १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याच कंपनीचं पुढे विप्रो झालं आणि ती जगभर सॉफ्टवेअर विकायला लागली. ज्या सॉफ्टवेअरच्या जगाने आज आमची घरं बदलली त्याचं एक मूळ आमच्याच गावातल्या तेलाच्या घाण्याशी जाऊन मिळतं, हे मला दर वेळी आठवलं की छातीत काहीतरी होतं, अभिमानच म्हणा.

ह्या सगळ्यावर मला जे सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते अजिंठा. जिल्हा तिकडचा असला तरी जळगावकरांना तो आपलाच वाटतो, साठेक किलोमीटर, स्टेशन जळगावचंच. लेणी क्रमांक एकमधे, पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र जिथे आहे तिथे, छतावर परदेशी पोशाखातली माणसं रंगवलेली आहेत, टोप्या, मोजे, दाढ्या. आणि तो निळा रंग, जो दीड हजार वर्षांनंतरही जिवंत दिसतो, तो लाजवर्दी दगडाचा आहे, आजच्या अफगाणिस्तानातल्या खाणींमधून आलेला. बाकीचे बरेचसे रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, चुना, काजळी, इथल्याच आसपासचे. आणि ज्याच्यावर हे सगळं रंगवलं तो गिलावा माती, भाताचं तूस आणि गवताच्या काड्यांचा, वरून चुन्याचा पातळ हात. म्हणजे पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, जग इथपर्यंत आलेलं होतंच. व्यापारी आले, भिक्खू आले, निळा आला. पण तो निळा इथल्या गिलाव्यावर बसला. गिलावा कुणी अफगाणिस्तानातून मागवला नाही, कारण बेसॉल्टच्या ह्या खडकाला, इथल्या पावसाच्या ओलीला काय धरून राहील हे इथल्याच माणसाला माहिती होतं.

नंतर अजिंठ्याच्या नकला काढायचा जो इतिहास आहे तो पण वाचण्यासारखा आहे. १८१९ मधे जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल तिथे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर चित्रं उतरवत बसला, वर्षानुवर्षं, आणि ती लंडनला क्रिस्टल पॅलेसमधे लावली तर १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. मग मुंबईच्या जेजे कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. गिल १८७९ मधे वारला, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे, भुसावळचे किती जण तिथे गेलेत मला माहीत नाही पण जायला पाहिजे. एका माणसाने आयुष्य घालून केलेलं काम एका रात्रीत राख होतं. हाय रिझोल्यूशनमधे काढलेली एक फाइल चार ठिकाणी ठेवली की तशी जळत नाही. नाशिकचे प्रसाद पवार कित्येक वर्षं अजिंठ्याचे फोटो काढून, खराब झालेला भाग अभ्यासाने भरून, डिजिटल पद्धतीने ती चित्रं पुन्हा उभी करतायत. चीनमधे दुनहुआंगच्या लेण्यांचं असंच काम झालं आणि २०१६ मधे तिथली ३० लेणी जगात कुणालाही घरबसल्या बघता येतील अशी इंटरनेटवर टाकली. माणसांच्या श्वासाच्या ओलीने आणि गर्दीने भिंतीवरची चित्रं खराब होतात, त्यामुळे एका अर्थाने स्क्रीन त्या भिंतीची राखण करते. तंत्रज्ञानाने कलेचं काय भलं केलं असं कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगीन.

आणि चाळीसगावचे केकी मूस. १९१२ चा जन्म, इंग्लंडला जाऊन कला शिकून आले, आणि मग चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात जे राहिले ते १९८९ मधे जाईपर्यंत जवळजवळ बाहेर पडलेच नाहीत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश नेमका टाकून, ते फोटोत डोंगर, बर्फ, समुद्र उभे करायचे, त्याला टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात. खान्देशाच्या उन्हात बसून बर्फ. ते फोटो पोस्टाने जगभरच्या प्रदर्शनांना जायचे आणि बक्षिसं पोस्टाने परत यायची. आज एका ओळीत लिहिलं तर मोबाईल पाच सेकंदात बर्फाचा डोंगर काढून देतो, मग मूसांच्या त्या कामात काय उरलं, असं मला एका कॉलेजच्या पोराने विचारलं. मी त्याला म्हटलं तू जा आणि बघून ये, बंगल्याचं आता कलादालन झालंय. त्या फोटोंत जे दिसतं ते एका माणसाने एकेक कण हलवून, सावली पुढे-मागे करून, थांबून मिळवलेलं असतं, आणि ते थांबणं फोटोत उतरतं. यंत्राच्या चित्रात तपशील जास्त असतात पण कुणी कशासाठी थांबलेलं नसतं. हे माझं मत आहे, आणि ते मी बंगल्यात उभी राहून बनवलंय.

पेंटर लोकांचं दुःख वेगळं लिहायला पाहिजे. प्रत्येक गावात एक तरी पेंटर असायचा, दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती, निवडणुकीच्या घोषणा सगळं त्याच्या हातचं, आणि अक्षरावरून कळायचं की हे कुणाचं काम आहे. फ्लेक्स आला आणि चारपाच वर्षांत ते संपलं. देवनागरीचा डिजिटल प्रवास मात्र वाईट नाही झाला, र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल फॉन्ट केला, नंतर मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी मुक्ता, बलू असे फॉन्ट करून फुकट उपलब्ध केले, आज हे तुम्ही जे वाचताय तेही अशाच कुणाच्या तरी मेहनतीवर. पण आमच्या बाजारातला पेंटर जो लांबलचक वेलांटीचा अक्षरवळण काढायचा त्याचा फॉन्ट कुणी केला नाही, आणि त्याच्या पाट्याही आता उतरवल्या गेल्या.

गाण्यांचं उलटं झालं. अहिराणी बोलायला पोरं लाजायची, शाळेत बोलली तर हसायचे, आणि आता युट्यूबवर अहिराणी गाण्यांना लाखोंनी बघणारे आहेत, लग्नात तीच वाजतात, सुरतमधली खान्देशी वस्ती ती बघते. आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरची, कानबाई देवीची गाणी मात्र त्यात कमी येतात, कारण त्यांची चाल संथ असते आणि त्यावर नाचता येत नाही. सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला आता कॅमेरेवाल्यांची गर्दी असते, कमरेला भोपळे-घुंगरं बांधून नाचणारी पावरा-भिल्ल पोरं स्वतःच स्वतःचे रील टाकतात. हे मला आवडतं. दुसरं कुणी त्यांचा फोटो काढून नेण्यापेक्षा त्यांनीच आपला टाकलेला बरा. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या भूरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या, जे. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले, आणि भिंतीवरचे भिली ठिपके कागदावर आले, २०२१ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. इमारत बांधणाऱ्या बाईच्या हातात कला होती आणि ती ओळखणारा माणूस त्याच इमारतीत होता. माझ्या साइटवर सातपुड्यातून मजुरीला आलेल्या बाया असतात, त्यांच्या घराच्या भिंतींवर काय काढतात हे मी आता विचारायला लागलेय.

जगाशी जोडलं जाण्याचा माझ्या कामाला झालेला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे फ्रान्सिस केरे. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा हा माणूस, गावात शाळा नव्हती, पुढे बर्लिनला आर्किटेक्चर शिकला आणि शिकता शिकताच आपल्या गांदो गावात शाळा बांधली, २००१ मधे. दाबून केलेल्या मातीच्या विटा, वर विटांचंच छिद्रं असलेलं सीलिंग, आणि त्याच्याही वर लोखंडी सांगाड्यावर उचलून धरलेला पत्रा, मधून वारा वाहतो आणि गरम हवा निघून जाते. गावातल्या बायांनी जमीन धोपटली, पोरांनी दगड वाहिले. २००४ मधे आगाखान पुरस्कार, २०२२ मधे प्रित्झकर, आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा, हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला आफ्रिकन. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच. मी हा व्हिडिओ आबांना मोबाईलवर दाखवला, त्यांनी तो दोनदा बघितला, भाषा कळत नव्हती तरी हात कसे चालतात ते बघत होते, आणि म्हणाले की वरचा पत्रा उचललाय हे बेस केलं, आपण पत्रा भिंतीवरच टेकवतो म्हणून मरतो. चाळीस सेकंदात मुद्दा त्यांच्या हातात पोचला.

आता त्या पश्चिमेच्या काचवाल्या घराचं काय झालं ते सांगते. मी त्याला फोटोबद्दल काही बोललेच नाही. त्याचा प्लॉट स्केचअपमधे घेतला, जागा अमळनेरची टाकली आणि सावली चालू करून मे महिन्याची संध्याकाळ लावली. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो, तेव्हा सगळा मार छतावर. आणि चारनंतर तो खाली येऊन सरळ पश्चिमेच्या भिंतीत घुसतो, छज्जा कितीही काढा तो अडवू शकत नाही कारण ऊन आडवं येतं. स्क्रीनवर ऊन त्याच्या हॉलमधून सरकत मागच्या भिंतीपर्यंत गेलं, त्याच्या आईने ते बघितलं आणि तीच पहिली बोलली, "आठे माणूस बसी कसं?" मग आम्ही जिना, स्टोअर आणि बाथरूम पश्चिमेला नेले, बसायची खोली मागे घेतली, मधे खोल ओटा ठेवला. जिन्याचा उंच भाग पुढे आला, त्याला विटांची जाळी, त्याने घराला तो पाहत होता तसा ताठपणा मिळाला, पॅनलपेक्षा स्वस्तात. स्लॅबवर उलटी मडकी मांडून त्यावर कोबा आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझाइक. काच पूर्वेला थोडी ठेवलीच, कारण त्याला काच पाहिजे होती आणि सकाळचं ऊन चालतं. लपवलेले दिवे पण आहेत. पहिल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, कूलर लागतो पण रात्री बंद करता येतो म्हणाला. मला तेवढं पुष्कळ झालं.

एक गोष्ट मात्र मला अलीकडे जास्त छळते. स्केचअपची मोठी लायब्ररी आहे, जगभरच्या लोकांनी बनवलेली लाखो मॉडेल तिथे फुकट मिळतात, जपानी सरकते दरवाजे, स्वीडनचे सोफे, इटलीचे खांब. घाई असली की माणूस तिथूनच उचलतो, मीही उचलते, आणि जे उचललं जातं तेच शेवटी बांधलं जातं. तिथे खान्देशी दार मला सापडलं नाही. देवळी नाही, सरा-कड्यांचं छत नाही, धाब्यावर चढायची दगडी पायरी नाही. चित्रं काढणाऱ्या एआयला मी खान्देशातलं घर सांगितलं तर त्याने राजस्थानी झरोके काढून दिले, दुसऱ्यांदा सांगितलं तर केरळचं उतरतं छप्पर. त्याचाही दोष नाही, त्याला जे दाखवलंय तेच तो परत दाखवणार, आणि आपण त्याला आपलं काही दाखवलेलंच नाही. आपले वाडे पडतात तेव्हा त्यांचं लाकूड जुन्या फर्निचरच्या दुकानात जातं आणि माप कुणीच घेत नाही.

म्हणून मी आणि माझ्याकडे काम शिकणारी दोन मुलं सुट्टीच्या दिवशी मापं घ्यायला लागलोय. पडायला आलेलं घर कळलं की मालकाला विचारून लेझर टेप, मोबाईल आणि वही घेऊन जायचं. मोबाईलने सगळ्या बाजूंनी फोटो काढले की सॉफ्टवेअर त्यांना जोडून भिंतीचा आकार तयार करतं, पण खांबाचा जोड आत कसा बसवलाय, पाल्यावर मातीचा थर किती, हे फोटोत येत नाही, त्याला माणूसच विचारावा लागतो. आबा येतात आमच्याबरोबर. परवा एका वाड्यात पोरं चिडली होती कारण भिंतीचं एक माप येईना, खाली सव्वादोन फूट आणि वर जेमतेम पावणेदोन, सॉफ्टवेअरला एकच जाडी पाहिजे. आबा म्हणाले भिंत अशीच असते, वर जाता जाता बारीक करायची, वजन कमी होतं आणि पाऊस अंगावरून घसरतो. मग पोरांनी ती उतरती काढली, वेळ लागला. पहिलं दार आणि एक देवळी लायब्ररीत टाकून झालीय, नावात खान्देश लिहिलंय म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. धाब्याचं मॉडेल अजून अर्धं आहे, त्यातला पांढऱ्या मातीचा थर कसा दाखवायचा ह्यावर आमचं अजून ठरत नाहीये, आणि मृगाच्या आधी आबांच्या गल्लीतल्या शेवटच्या धाब्यावर माती पडेल तेव्हा तिथे जाऊन ते सगळं शूट करायचंय.